कुत्र्याचा न्यूमोनिया दुसऱ्या कुत्र्याला लागतो का? (सोसायटी लिफ्टबंदीवर आलीय)

लिंबू_सरबत
मंडळी, घाईत लिहितेय, चुका पदरात घ्या.

घरात दोन कुत्री. बंड्या, दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर, आणि चिंगी, मंडईतून उचलून आणलेली देशी, अजून वर्षाचीही नाही. बंड्याला ताप, जेवण बंद, धाप. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि न्यूमोनिया सांगितला. दिवसा दवाखान्यात इंजेक्शनं आणि सलाइन, रात्री घरी. तिथे रांग एवढी असते की अर्धे प्रश्न पोटातच राहतात, म्हणून इथे विचारतेय.

चिंगीला वेगळं ठेवायचं का? सासूबाईंना दमा आहे, त्यांना काही होईल का? आणि तिसरा प्रश्न माझा नाही, सोसायटीचा. ग्रुपवर कोणीतरी टाकलं की बी विंगमधल्या कुत्र्याला संसर्गजन्य न्यूमोनिया झालाय, त्याला लिफ्टमधून नेऊ देऊ नका. आम्ही पाचव्या मजल्यावर. तीस-बत्तीस किलोचं जनावर, आधीच धापा टाकतंय, त्याला जिन्याने न्यायचं?

लशी दोघांच्याही वेळेवर झाल्यात.

तिरकस
खुशाल लिफ्टने न्या. ज्यांना भीती वाटते त्यांनी जिना वापरावा, त्यांचीही फुफ्फुसं सुधारतील.

शेरूची_आई
ताई, आधी चिंगीला वेगळ्या खोलीत हलवा, भांडीही वेगळी करा. मागच्या मे महिन्यात आमचा शेरू बोर्डिंगला होता. तिथे एक कुत्रा खोकत होता, परत येईपर्यंत सगळी खोकायला लागली. शेरूचा खोकला असा की वाटावं घशात हाड अडकलंय. मी तुळस, आलं, हळद उकळून मध घालून सिरिंजने दिवसातून तीनदा पाजलं. जोडीला मुलांचं खोकल्याचं सिरप थोडंसं. आठवड्याभरात टुणटुणीत.

गोठ्यातला_डॉक्टर
लिंबू_सरबत, तुमच्या प्रश्नांकडे येतो, पण आधी वरचा प्रतिसाद.

न्यूमोनिया झालेल्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने काढा, दूध, मध, तेल, तूप काहीही सोडायचं नाही. त्याला धाप लागलेली असते आणि गिळणं व श्वास घेणं एका वेळी जमत नाही, त्यामुळे निम्मा काढा थेट फुफ्फुसात उतरतो. बद्धकोष्ठासाठी पॅराफिन पाजतात ते तर फारच वाईट. त्याला चव नाही, वास नाही, घशात ते आहे हे कुत्र्याला कळतच नाही, ठसकाही लागत नाही आणि तेल गुपचूप खाली जातं. माणसांचं खोकल्याचं सिरपही नको. न्यूमोनियात खोकला हा साठलेला कफ बाहेर काढायचा मुख्य रस्ता असतो, तो दाबून टाकलात तर घाण आतच राहते. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन द्यायचा मोह तर अजिबात नको. आयब्रुफेनने पोटात अल्सर होऊन मूत्रपिंडं गेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

आता लागण. फुफ्फुसांना सूज येऊन तिथे पू-पाणी साठलं की आम्ही न्यूमोनिया म्हणतो. एक्स-रेत दिसतो तो परिणाम, कारण त्याच्या मागे असतं. ते कळल्याशिवाय 'लागतो की नाही' याचं उत्तर कोणी देऊ नये आणि तुम्हीही घेऊ नये.

म्हणून उलट माझेच प्रश्न. बंड्या गेल्या तीनेक आठवड्यांत बोर्डिंग, ग्रूमिंग, डॉग पार्क असा कुठे गेला होता का? नाका-डोळ्यांतून घट्ट पिवळं काही येतंय का? आजारी पडण्याआधी उलट्या झाल्या होत्या? पाणी पिताना ठसका लागतो? भुंकण्याचा आवाज बदललाय? आणि चिंगी खोकते का?

शेरूची_आई
डॉक्टर, आमच्या शेरूला तर काही झालं नाही काढ्याने.

गोठ्यातला_डॉक्टर
शेरूला न्यूमोनिया नव्हता, केनेल कफ होता, म्हणजे कुत्री एकत्र आली की एकमेकांना लागणारा खोकला. तो अंगात ताकद असलेल्या कुत्र्यात बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, काढा पाजा नाहीतर हनुमान चालिसा म्हणा. शेरू तरणा होता म्हणून ठसका लागल्यावर त्याने काढा परत फेकला असणार.

बांधावरचा
डॉक्टरसायेब बराबर बोलत्यात. आमच्याकडं मंगळवेढ्याला ढोराला बांबूच्या नळीनं औषध पाजत्यात. जुनी माणसं सांगायची, तोंड आभाळाकडं करू नगा, कानाच्या वर नाक जाऊ द्यायचं न्हाई. लई वासरं औषधानंच गेल्याली बघितल्यात, आजारानं न्हाई. माझ्याकडं कारवानी कुत्री हायती, त्यास्नी गोळी भाकरीच्या गोळ्यात दाबून देतो. न्हाई खाल्ली तर न्हाई, जबरदस्ती न्हाई.

लिंबू_सरबत
डॉक्टर, उत्तरं देते. कुठेही गेला नव्हता, गुडघे दुखतात म्हणून सोसायटीच्या बाहेरसुद्धा फारसा जात नाही. नाक ओलं आहे, पिवळं काही नाही. उलटी एकदा, तीही पाण्याची. पाणी पिताना ठसका, हो! बरेच दिवस लागतोय. आणि आवाज बदललाय. भुंकणं घोगरं झालंय, मुलगा त्याला म्हातारबुवा म्हणतो. फिरताना जोरात घरघरतोही, पण लॅब्रॅडॉर जाड असतातच. चिंगी ठणठणीत आहे, आत्ता माझी चप्पल खातेय.

हे सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे का?

गोठ्यातला_डॉक्टर
असू शकतं. तुमच्या डॉक्टरांना उद्या हे असंच्या असं सांगा, विशेषतः आवाजाचं.

वयस्क लॅब्रॅडॉरमध्ये एक दुखणं वारंवार दिसतं, स्वरयंत्राचा पक्षाघात. आपण श्वास घेतो तेव्हा स्वरयंत्र उघडतं आणि घास गिळतो तेव्हा मिटतं. ते उघडणारे स्नायू ज्या नसेवर चालतात ती नस म्हातारपणी हळूहळू निकामी होते. मग दार धड उघडतही नाही आणि वेळेवर मिटतही नाही. न उघडल्यामुळे घरघर आणि उन्हाळ्यात जीवघेणी धाप, न मिटल्यामुळे पाण्याचा ठसका, आणि ठसक्यातून पाणी-अन्न फुफ्फुसात. मागचे पायही थोडे अडखळत असतील तर बघा, कारण पुष्कळदा तीच नसांची झीज पायातही असते. सगळे जण त्याला गुडघेदुखी समजतात.

असा ठसक्याचा न्यूमोनिया दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. त्यात वाढतात ते बंड्याच्याच तोंडातले जंतू, आणि ते चिंगीच्या तोंडात आधीपासूनच आहेत.

एक्स-रे पुन्हा बघायला सांगा. ठसक्याचा डाग बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या भागात किंवा पुढच्या खालच्या भागात असतो. स्वरयंत्राची तपासणी हलकी भूल देऊन तोंडातून थेट बघून करतात, पण ती न्यूमोनिया आटोक्यात आल्यावरच. आत्ता भूल नको.

भूभू_बँड
डॉक्टरांशी सहमत, पण माझं म्हणणं नोंदवून ठेवते, कारण हा धागा वाचून कोणीतरी 'न्यूमोनिया लागत नाही' एवढंच लक्षात ठेवेल.

आम्ही ठाण्यात रस्त्यावरच्या पिल्लांचं काम करतो. पावसाळ्यात एका चौकातून फोन येतो, 'पिल्लाला सर्दी झालीय.' जाऊन बघावं तर डोळ्यांत चिपडं, नाकावर वाळलेली खपली, खोकला, ताप, छातीत खरखर. डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात आणि ते खरंच असतं. पण त्यामागे डिस्टेंपर असतो, कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार. एक पिल्लू आणलं आणि बाकीच्यांत सोडलं की संपलं. छाती बरी होते, आपण खूश होतो, आणि मग काही आठवड्यांनी डोक्याचा किंवा पायाचा स्नायू ठराविक तालात उडायला लागतो. पावलांच्या गाद्या कडक होतात. झटके सुरू झाले की फार थोडी वाचतात.

त्यामुळे आमचा नियम सरळ आहे. लस न झालेलं पिल्लू आणि त्याला न्यूमोनिया, म्हणजे डिस्टेंपरची तपासणी नकारार्थी येईपर्यंत ते सगळ्यांपासून लांब. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं, आधी निरोगी पिल्लांचं खाणं-पिणं उरकायचं. वेगळा अंगरखा, वेगळ्या चपला, हात साबणाने. एक बरं आहे, हा विषाणू बाहेर चिवट नाही. ऊन, कोरडेपणा, साधं जंतुनाशक यांनी मरतो. पिल्लांना हगवण लावणाऱ्या पार्व्होच्या विषाणूसारखा महिनोन्महिने जमिनीत दबा धरून बसत नाही. पण बरं झालेलं कुत्रं पुढे कित्येक आठवडे तो बाहेर टाकत राहू शकतं, ते लोक विसरतात.

निळी_छत्री
डिस्टेंपर जंगलातही जातो ना? गीरचं काहीतरी वाचलं होतं.

भूभू_बँड
हो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह मेले. काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला आणि मग बाकीच्या सिंहांसाठी परदेशातून लस मागवावी लागली. त्याआधी १९९४ मध्ये टांझानियात सेरेंगेटीचे साधारण एक तृतीयांश सिंह यातच गेले होते. गावच्या कुत्र्यांना लस टोचणं हे जंगल खात्याचंही काम आहे, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात.

बांधावरचा
आमच्या सोलापूरकडं नान्नजच्या माळावर माळढोकाचं अभयारण्य हाय. तिथल्या गावकुत्र्यांचं आन् खोकडांचं रक्त तपासलं हुतं अभ्यास करणाऱ्यांनी. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना डिस्टेंपर हून गेल्याला दिसला. माझ्या कुत्र्यास्नी मी दरसाल टोचतो. तालुक्याच्या दवाखान्यात रेबीजची लस असती, ही दुसरी मिळंलच असं न्हाई, मग पदरचं पैसं घालून आणतो. १९६२ ह्या नंबरावर फोन केला की जनावरांच्या दवाखान्याची गाडी येती, पण लस आधी इचारून घ्यावी.

कॅक्टसवाला
फिनिक्सहून लिहितोय. इथे कुत्र्याच्या छातीत डाग दिसला की पहिला प्रश्न 'व्हॅली फीवर आहे का?' ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर तिचे बीजाणू फुफ्फुसात जातात. आमची पग जमीन उकरत बसायची. खोकला, ताप, मग लंगडणं. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध महिनोन्महिने चाललं. ती बुरशी कुत्र्याकडून कुत्र्याला किंवा माणसाला जात नाही. पण घरातल्या दोघांनी एकच धूळ खाल्ली असेल तर दोघेही आजारी पडू शकतात, आणि मग वाटतं एकाचं दुसऱ्याला लागलं. तुमच्याकडे याची काळजी नको, पण इकडून कुत्रा घेऊन भारतात परतणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. त्यांच्या डोक्यात ते येणार नाही.

इथे कुत्र्यांचा फ्लूही असतो. २००४ मध्ये फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत आला, तो घोड्यांकडून आलेला एच३एन८. मग २०१५ मध्ये शिकागोत दुसरा, एच३एन२, मुळात पक्ष्यांचा आणि आधी कोरिया-चीनमध्ये दिसलेला. तो मात्र डेकेअरमध्ये वणव्यासारखा पसरला. बहुतेक कुत्री खोकून बरी झाली, थोड्यांना न्यूमोनिया झाला.

अर्धा_वैद्य
मूळ प्रश्नातला सासूबाईंचा मुद्दा राहिलाच. माणसाला लागतो का? आणि उलट, माणसाकडून कुत्र्याला?

गोठ्यातला_डॉक्टर
डिस्टेंपरचा विषाणू आपल्या गोवराच्या कुळातला आहे, पण तो माणसाला आजारी पाडत नाही. कुत्र्यांच्या या दोन्ही फ्लूंची माणसाला लागण झाल्याची नोंद नाही. केनेल कफमधला बोर्डेटेला हा जंतू आपल्या डांग्या खोकल्याच्या जंतूचा चुलतभाऊ. तो क्वचित माणसात शिरतो, पण प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांत. केमोथेरपी चालू असलेले, अवयव बसवलेले, अशा घरांत खोकणारा कुत्रा त्यांच्या खोलीत नको. मांजराला मात्र तो लागू शकतो, हे मांजरवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

सासूबाईंना बंड्याच्या न्यूमोनियाचा धोका नाही. दम्याला त्रास होतो तो कुत्र्याच्या अंगावरच्या कोंड्याचा आणि लाळेचा, आणि तो बंड्या निरोगी असतानाही होताच.

उलट्या दिशेचं उत्तर आपल्याकडे महत्त्वाचं आहे. माणसाचा क्षय कुत्र्याला होऊ शकतो. परळला शिकत असताना बैलघोडा हॉस्पिटलात रात्रपाळी करायचो, तेव्हा आमचे सर केसपेपरवर कुत्र्याची लस लिहायच्या आधी विचारायचे, 'घरात कोणाला टीबी?' पुष्कळ दिवस औषधाला दाद न देणारा खोकला, वजन उतरतंय, आणि घरात कोणी टीबीचे उपचार घेतंय, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कोपऱ्यातला_बाक
बोर्डिंगमध्ये लागतो त्या खोकल्याचा न्यूमोनिया होतोच का? आमच्याकडे पग आहे.

गोठ्यातला_डॉक्टर
नाही. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो तो जंतू. तो दुसऱ्यात नुसता खोकला करून थांबेल की फुफ्फुसापर्यंत उतरेल हे त्या दुसऱ्यावर ठरतं. पिल्लू आहे का, लशी झाल्यात का, म्हातारं आहे का, स्टेरॉइड चालू आहे का, नाक चपटं आहे का. पग आणि फ्रेंच बुलडॉगना चपट्या नाकामुळे श्वासाचे हाल असतातच, त्यांना ठसक्याचा न्यूमोनियाही जास्त होतो.

घरी करण्यासारखं एकच सांगतो. कुत्रा गाढ झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजा. छाती वर गेली आणि खाली आली की एक. तीसच्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना फोन करा. हिरड्या निळसर-राखाडी दिसल्या, कोपरं बाहेर काढून मान ताणून उभा राहिला, आडवं होणं टाळलं, तर फोनही नको, सरळ गाडीत घाला. आणि ताप हाताने ठरवू नका. कुत्र्याचं नेहमीचंच तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्याला ते कायम गरमच लागतं.

तिरकस
लिफ्टचं काय झालं? मला त्यातच रस आहे.

लिंबू_सरबत
अपडेट.

एक्स-रेत डाग उजव्या बाजूच्या मधल्या भागात आहे. डॉक्टरांना आवाजाचं आणि ठसक्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, 'हे पहिल्या दिवशी ऐकायला हवं होतं मला.' आता ताप उतरलाय, शिजवलेली कोंबडी हातातून खातोय. अँटिबायोटिक अजून चालू आहे. घरी नेब्युलायझरने साध्या सलाइनची वाफ देतो आणि नंतर ओंजळीसारखा हात करून दोन्ही बरगड्यांवर थापटतो. हे दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलं. त्याला ते इतकं आवडतं की वाफेचं मशीन दिसलं की येऊन बसतो.

चिंगीला वेगळं केलं नाही. डॉक्टर म्हणाले, हिला लांब ठेवलं तर म्हातारा जेवणार नाही. फक्त खेळताना त्याच्या अंगावर उड्या मारू देत नाही.

लिफ्टसाठी मी ग्रुपवर टाकलं, 'बंड्याचा आजार फुफ्फुसात पाणी गेल्याने झाला आहे, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे, तो इतर कुत्र्यांना अथवा माणसांना लागत नाही.' अध्यक्षांनी अंगठा दिला. ज्यांनी सुरुवात केली होती त्यांनी विचारलं, 'मग न्यूमोनिया म्हणालाच कशाला?'

निळी_छत्री
पत्र नसतं तरी लिफ्टबंदी टिकली नसती. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये असं स्पष्ट आहे. प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावा.

भूभू_बँड
लावा जरूर. पण खरोखर केनेल कफ झालेला कुत्रा असेल तर मीच सांगीन, थोडे दिवस लिफ्टमध्ये दुसरा कुत्रा असताना शिरू नका. कायदा हातात आहे म्हणून खोकला वाटत फिरायचं नाही.

लिंबू_सरबत
हे मान्य.

आता पुढचं. स्वरयंत्राची तपासणी झाली, पक्षाघातच आहे, दोन्ही बाजूंचा. ऑपरेशनमध्ये एका बाजूचं दार कायमचं उघडं बांधून ठेवतात म्हणे. सांगितलं ते ऐकून गडबडले. श्वास सुधारेल, पण दार कायम उघडं म्हणजे ठसक्याचा धोका राहणारच ना?

गोठ्यातला_डॉक्टर
राहतो. ऑपरेशन धाप कमी करण्यासाठी असतं, न्यूमोनिया टाळण्यासाठी नाही. बंड्या आरामात असताना श्वास बरा असेल आणि फक्त उन्हात किंवा पळताना घरघरत असेल, तर काही जण ऑपरेशन न करता वर्षं काढतात. तेव्हा सर्जनना 'याला धाप किती आणि ठसका किती' हे तोलून सांगायला सांगा. ऑपरेशन करा किंवा करू नका, एवढं आजपासून पाळा. गळ्यातला पट्टा बंद, छातीचा हार्नेस. फिरणं सकाळी लवकर, मार्च ते जून तर दुपारी बाहेर काढूच नका. वजन उतरवा. पातळ आमटी-भात बंद, घट्ट मळलेले छोटे गोळे द्या. भुगा होणारी कोरडी बिस्किटं नकोत. पाणी थोडं थोडं, घटाघटा प्यायला मोठं भांडं समोर ठेवू नका. भुंकून भुंकून उत्तेजित होऊ देऊ नका, दारावरची बेल काढता आली तर काढाच.

लिंबू_सरबत
बेल काढली. आता लोक दार वाजवतात, तो त्यालाही भुंकतो.

कोपऱ्यातला_बाक
अवांतर होतंय, पण डॉक्टर इथे आहेत तोवर विचारतो. दिवाळीत गावी जायचंय, पगला बोर्डिंगमध्ये ठेवावं लागणार. सेव्हन इन वन ही एकत्रित लस झालीय. केनेल कफची वेगळी लस घ्यायची का?

गोठ्यातला_डॉक्टर
घ्या. सेव्हन इन वनमध्ये डिस्टेंपर, ॲडिनो, पॅराइन्फ्लुएन्झा हे विषाणू येतात, बोर्डेटेला येत नाही. नाकात थेंब टाकायची लस बोर्डेटेलावर तीनेक दिवसांत काम सुरू करते, पॅराइन्फ्लुएन्झासाठी तिला तीन आठवडे लागतात. म्हणून आदल्या दिवशी धावतपळत न टोचता दिवाळीच्या महिनाभर आधी उरकून टाका. ती जिवंत लस आहे, थोडे दिवस शिंका येतील, त्या काळात घरात कोणी केमोवर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि लस घेऊनही सौम्य खोकला होऊ शकतो, कारण हे जंतू पुष्कळ आहेत.

बोर्डिंगवाल्याला मात्र दोन प्रश्न विचारा. तुम्ही प्रत्येक कुत्र्याचं लशीचं कार्ड बघता का, आणि मध्येच एखादा खोकायला लागला तर त्याला कुठे ठेवता? दुसऱ्या प्रश्नावर 'असं कधी होतच नाही' असं उत्तर आलं तर दुसरं बोर्डिंग शोधा.